पंख्यातला कंडेन्सर आणि पुस्तकातले धारित्र

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो आढावा स्मरणिकेत सविस्तर येणारच आहे. त्यामुळे आजचा माझा वेळ मी एका वेगळ्या विषयासाठी मागून घेतला आहे. विषय आहे धारित्र. आपल्या घरातल्या पंख्यात जो पांढरा किंवा काळा डबीसारखा भाग असतो आणि ज्याला आपला वायरमन ‘कंडेन्सर’ म्हणतो, तोच हा. मी एम. ए. झालेली भाषेची शिक्षिका. भौतिकशास्त्र माझ्या वाट्याला आले ते वर्गाबाहेर उभे राहून सहकाऱ्यांचे तास ऐकताना. तरीही हा विषय मी स्वतः घेतला, त्याला कारण आहे.

येत्या जूनपासून इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आठवड्यातून एकदा ‘दुरुस्ती वर्ग’ चालवावा, असा ठराव व्यवस्थापन मंडळाने केला आहे. पंखा, इस्त्री, दिवा, मिक्सर अशा घरगुती उपकरणांची रचना समजून घेणे आणि त्यांतील सोपे दोष दूर करणे, एवढी त्याची मर्यादा. या वर्गासाठी आम्ही पालकांकडे संमतिपत्रे पाठवली. काही संमतीसह परत आली, काही कोरीच परत आली, आणि काहींवर आपण मनमोकळेपणाने आक्षेप लिहिलेत. त्यांतले तीन आक्षेप पुनःपुन्हा येतात. विजेशी खेळ जिवावर बेतेल, हा पहिला. मुलांना आम्ही मिस्त्री व्हायला शाळेत घातलेले नाही, हा दुसरा. आणि तिसरा असा, की एवढे शिकवायचेच असेल तर ते इंग्रजीतून शिकवा. ‘धारित्र’ आणि ‘विद्युतरोधक’ हे शब्द घेऊन मुले बाहेरच्या जगात कुठे जाणार? या तिन्ही आक्षेपांना कोरड्या तत्त्वचर्चेने उत्तर देण्यापेक्षा, त्या वर्गात पहिल्या महिन्यात जे शिकवले जाणार आहे ते आधी आपल्यासमोर मांडावे आणि मग निर्णय आपणच घ्यावा, असे मला वाटले.

या टेबलावर दोन वाट्यांच्या आकाराचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये एक जाड काच ठेवली आहे. धारित्र म्हणजे मुळात एवढेच. दोन धातूचे पृष्ठभाग समोरासमोर, आणि त्यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा पदार्थ. हे दोन पत्रे विद्युतघटाच्या दोन टोकांना जोडले, की घट एका पत्र्यावरचे इलेक्ट्रॉन ओढून घेतो आणि तितकेच इलेक्ट्रॉन दुसऱ्या पत्र्यावर नेऊन ठेवतो. एका बाजूला ऋण प्रभार साचतो, दुसऱ्या बाजूला तेवढीच उणीव, म्हणजे धन प्रभार. मधली काच ओलांडून काहीही जात नाही. तरीही दोन्ही बाजूंचे विरुद्ध प्रभार परस्परांना काचेतून ओढत राहतात आणि त्या ओढीमुळेच ते जागच्या जागी धरले जातात. जसजसा प्रभार साचतो तसतसा पत्र्यांमधला दाब, म्हणजे व्होल्टता, वाढत जाते. ती घटाच्या व्होल्टतेइतकी झाली की प्रवाह थांबतो. घट काढून घेतला तरी प्रभार तिथेच राहतो. दोन टोके कशाने तरी जोडली जाईपर्यंत तो वाट पाहत बसतो. हे वाट पाहणे लक्षात ठेवा, कारण पहिल्या आक्षेपाचे सगळे मूळ त्यातच आहे.

दिलेल्या व्होल्टतेला किती प्रभार मावतो, त्याला धारिता म्हणतात. ती तीन गोष्टींवर ठरते. पत्र्यांचे क्षेत्रफळ वाढवले की ती वाढते. पत्रे जवळ आणले की वाढते. आणि मधला पदार्थ कोणता आहे, यावरही ती अवलंबून असते. हवेच्या जागी अभ्रक ठेवले, तर धारिता पाच ते सातपट होते. प्लॅस्टिकची पॉलिप्रॉपिलीन नावाची फिल्म ठेवली, तर सव्वादोनपटीच्या आसपास. आणि बेरियम टायटनेटसारखे चिनी मातीच्या जातीचे पदार्थ वापरले, तर हजारो पटींनी वाढते. याचे कारण असे, की मधल्या पदार्थातील रेणूंमधले धन आणि ऋण भाग बाहेरच्या ओढीमुळे किंचित सरकतात, वळतात. त्यामुळे पत्र्यांवरच्या प्रभारांचा परस्परांवरील ताण काहीसा सैल होतो आणि त्याच व्होल्टतेला आणखी प्रभार सामावतो. मायकेल फॅरडे यांनी १८३७ च्या सुमारास हे प्रयोगांनी दाखवून दिले. धारितेच्या एककाला त्यांच्याच नावावरून फॅरड म्हणतात.

हे एकक किती मोठे आहे, हे मुलांना गणिताने काढायला लावले, तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलेना. हवेत एक मिलिमीटर अंतरावर दोन सपाट पत्रे ठेवून एक फॅरड धारिता मिळवायची असेल, तर प्रत्येक पत्र्याचे क्षेत्रफळ सुमारे ११३ चौरस किलोमीटर लागेल. म्हणजे एक बाजू साडेदहा किलोमीटरांहून लांब. म्हणूनच व्यवहारात फॅरडच्या दशलक्षांशाची, म्हणजे मायक्रोफॅरडची भाषा चालते, आणि त्याहूनही सूक्ष्म अशा पिकोफॅरडची. पंख्यातल्या धारित्रावर बहुधा २.५ मायक्रोफॅरड असे छापलेले असते. तेवढ्यासाठीसुद्धा, सहा मायक्रोमीटर जाडीची प्लॅस्टिक फिल्म धरली, तर पाऊण चौरस मीटरहून थोडे अधिक क्षेत्रफळ लागते. आगपेटीहून जरा मोठ्या डबीत ते कसे बसले? फिल्मवर धातूचा अतिशय पातळ थर चढवून तिची घट्ट गुंडाळी केलेली असते. आपल्या बायका पैठणीची घडी घालतात, त्याच न्यायाने मोठे क्षेत्र लहान जागेत मावते.

आता इतिहासाकडे थोडे वळू. १७४५ मध्ये जर्मनीतील एवाल्ड गेऑर्ग फोन क्लाइस्ट यांना आणि त्यानंतर लगेचच, १७४६ मध्ये, हॉलंडमधील लायडन शहरात प्राध्यापक पीटर फान मुशेनब्रुक यांना, एकमेकांच्या कामाची कल्पना नसताना, सारखाच अनुभव आला. काचेच्या भांड्यात पाणी, त्यात बुडालेली तार, आणि घर्षणाने वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला जोडलेले तारेचे दुसरे टोक. भांडे एका हातात धरून दुसऱ्या हाताने तारेला स्पर्श करताच असा हादरा बसला, की मुशेनब्रुक यांनी पॅरिसला पाठवलेल्या पत्रात हा प्रयोग कोणी करू नये असे बजावले. इथे गंमत पाहा. आतले पाणी हा एक पत्रा झाला, काच हा विद्युतरोधक झाला. दुसरा पत्रा कुठे होता? प्रयोग करणाऱ्याचा तळहात हाच दुसरा पत्रा होता. जगातले पहिले धारित्र माणसाच्या हाताने पूर्ण झाले होते. त्याच वर्षी फ्रान्समध्ये आबे नोले यांनी राजा पंधराव्या लुईसमोर १८० शिपायांना हातात हात घालून उभे केले आणि अशा भांड्यातला प्रभार त्यांच्यातून सोडला. सगळे एकदम उडाले. राजाला करमणूक झाली असेल, पण शिपायांना कोणी विचारले होते का, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थिनीने विचारला, आणि मला तो इतिहासाच्या तासालाही विचारण्याजोगा वाटला.

आपण वडोदऱ्याची माणसे. उत्तरायणाला पतंगाशिवाय आपले पान हलत नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५२ मध्ये वादळी ढगांखाली पतंग उडवून ओल्या दोऱ्यावाटे उतरलेली वीज अशाच लायडनच्या भांड्यात साठवली, आणि आकाशातली वीज व यंत्रातली वीज एकच आहे हे दाखवले. ही कथा सर्वांना ठाऊक असते. पुढच्याच वर्षी, १७५३ मध्ये, सेंट पीटर्सबर्गला गेऑर्ग रिखमान हे शास्त्रज्ञ असाच प्रयोग करताना वीज पडून मरण पावले, ही कथा मात्र पाठ्यपुस्तकात क्वचित असते. मुलांना या दोन्ही कथा एकाच तासाला सांगितल्या पाहिजेत, असे माझे मत आहे. विजेच्या तारेत अडकलेला पतंग लोखंडी गजाने काढायला जाणारी मुले आपण दर जानेवारीत पाहतो. त्यांना फ्रँकलिन माहीत असतो; रिखमान माहीत नसतो.

आता शब्दांविषयी, कारण तो माझा प्रांत. १७८२ च्या सुमारास इटलीच्या आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी या साधनाला ‘कंडेन्सर’ या अर्थाचे नाव दिले. विरळ वीज दाट करणारा, असा त्यांचा भाव होता. पुढे इंग्रजी ग्रंथांनी हळूहळू ते नाव टाकून ‘कपॅसिटर’ स्वीकारले. मात्र आपल्या रावपुऱ्यातला किंवा मांडवीतला पंखे दुरुस्त करणारा कारागीर आजही ‘कंडेन्सर’च म्हणतो. ‘पंखो धीमो फरे छे’ अशी तक्रार घेऊन कोणी गेले, की त्याचे निदान याच शब्दात येते. इंग्रजी शिकलेली आपली मंडळी त्याला अडाणी समजून हसतात. त्याच्या तोंडी खुद्द व्होल्टाचा शब्द आहे, हे त्यांना ठाऊक नसते. मराठी परिभाषेने ‘धृ’ या धातूपासून ‘धारित्र’ केले. धरणे, धारण, आधार, धरित्री हे सगळे त्याच कुळातले. जे धरून ठेवते ते धारित्र. आणि धरून ठेवण्याची त्याची शक्ती ती धारिता. नाव ऐकताच काम कळते. ‘कपॅसिटर’ ऐकून आपल्या नववीच्या मुलाला काही कळत नाही. त्याला ते पाठ करावे लागते. आमच्या फळ्यावर तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले जातील: कारागिराचा, पुस्तकाचा आणि महाविद्यालयात पुढे लागणारा. कल्पना एकदा आपल्या भाषेत मुरली, की पुढे तिच्यावरची चिठ्ठी बदलायला एक दिवस पुरतो. याच शहरात १८९० मध्ये महाराज सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभारले, ते तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून देता येते या विश्वासाने. आजचा अभियांत्रिकी विभाग त्याच मुळावर वाढलेला आहे. तेव्हा तिसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायला मला शहराबाहेर जावे लागत नाही.

पंख्याला धारित्र लागतेच कशाला, हा प्रश्न मी स्वतः आमच्या विज्ञान शिक्षकांना विचारला होता. त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडले, म्हणून ते माझ्या शब्दांत सांगते. घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पुढेमागे हेलकावते. तिने पंख्यातल्या तारेच्या वेष्टनात जे चुंबकीय बल तयार होते, तेही एका रेषेत फक्त पुढेमागे होते. जात्याचा खुंटा धरून दळताना हात गोल फिरतो. पण समजा, तुमचा हात केवळ पुढे आणि मागेच जाऊ शकत असता, तर जाते फिरले नसते, जागच्या जागी कुरकुरत राहिले असते. आता काटकोनात दुसरी बाई बसली आणि तिने पहिलीच्या थोडे आधी खुंटा ओढला, तर जाते फिरू लागते. पंख्यात तारेची दोन वेष्टने असतात, आणि दुसऱ्या वेष्टनातला प्रवाह पहिल्याच्या आधी नेऊन ठेवण्याचे काम धारित्र करते. व्होल्टता वाढू लागताच धारित्र भरू लागते, म्हणून त्यातला प्रवाह व्होल्टतेच्या पुढे धावतो. दोन ओढींमध्ये वेळेचे अंतर पडते आणि फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. धारित्र पूर्ण निकामी झाले, की पंखा नुसता गुणगुणतो. काठीने ढकलला, तर ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला रडतखडत फिरू लागतो, कारण दिशा ठरवणारी दुसरी बाईच उठून गेलेली असते.

पण बहुतेक पंख्यांची तक्रार ‘बंद पडला’ अशी नसून ‘मंद झाला’ अशी असते. या टेबलावरचे हे धारित्र आपल्याच प्राथमिक विभागाच्या एका पंख्यातले आहे. वर २.५ छापले आहे. मापकाने मोजले तर १.६ भरते. ते असे झिजले कसे? फिल्ममध्ये कुठेतरी सूक्ष्म दोष असतो. जास्त व्होल्टतेच्या क्षणी तिथे ठिणगी पडते. ठिणगीच्या उष्णतेने त्या बिंदूभोवतीचा धातूचा थर वाफ होऊन उडून जातो आणि दोष आपोआप वेगळा पडतो. धारित्र स्वतःची जखम स्वतः भरते. मात्र प्रत्येक जखमेबरोबर थोडे क्षेत्रफळ जाते, आणि क्षेत्रफळ गेले की धारिता जाते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की पंखा मंदावतो, आणि घरात निष्कर्ष निघतो की व्होल्टेज कमी झाले किंवा पंखा टाकून द्यायची वेळ आली. शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारा एक भाग बदलला तर पंखा पुन्हा पूर्वीसारखा फिरतो. हे आपल्या मुलांना कळावे की नाही?

धारित्रांचे प्रकार पुष्कळ आहेत. वर्गीकरण होते ते बहुधा मधल्या विद्युतरोधकावरून. पंख्यातले फिल्मचे आपण पाहिले. जुन्या रेडिओत स्टेशन लावताना जी चक्ती फिरवायची, तिच्याशी हवेचे धारित्र जोडलेले असे. अर्धगोल पत्र्यांचा एक संच दुसऱ्यात कमीअधिक शिरवून धारिता बदलायची. कारागीर त्याला ‘गँग’ म्हणत. आमच्या पिढीला त्या गुंडीचा स्पर्श अजून आठवत असेल. कागद आणि तेल वापरलेली धारित्रे आता मागे पडली. चिनी मातीची चपटी, बडीशेपेच्या गोळीसारखी दिसणारी धारित्रे मात्र प्रत्येक इलेक्ट्रॉनिक पाटीवर आढळतील. त्यांवर १०४ असे काही लिहिलेले असते, त्याचा अर्थ एकशे चार नव्हे: पहिले दोन अंक १०, त्यापुढे चार शून्ये, म्हणजे एक लक्ष पिकोफॅरड, अर्थात ०.१ मायक्रोफॅरड. ही खूण कळली की मुलांना गुप्त लिपी उलगडल्याचा आनंद होतो.

अभ्रकाचे धारित्र अतिशय स्थिर आणि विश्वासू. अभ्रकाचे पापुद्रे निसर्गतःच पातळ आणि सारखे सुटतात. झारखंडमधील कोडरमा-गिरिडीह पट्ट्यातले अभ्रक एके काळी जगभरातल्या रेडिओ आणि विद्युत उद्योगाला पुरवले जाई. त्याच पट्ट्यात सोडून दिलेल्या खाणींमधून अभ्रकाचे तुकडे वेचण्याच्या कामाला शाळेच्या वयाची मुले जुंपली गेल्याचे वारंवार उघड झाले आहे. ते अभ्रक आज मुख्यतः रंगांत आणि प्रसाधनांत जाते. हे सांगणे विषयांतर आहे, पण शाळेत उभे राहून अभ्रकाविषयी बोलताना ते टाळणे मला जमले नाही.

सर्वांत विलक्षण म्हणावे असे धारित्र म्हणजे ॲल्युमिनिअमचे विद्युत-अपघटनी धारित्र; बाजारात त्याला इलेक्ट्रोलायटिक म्हणतात. नळकांड्यासारखे, प्लॅस्टिकचे वेष्टण असलेले. यात ॲल्युमिनिअमच्या वर्खावर रासायनिक क्रियेने त्याच्याच ऑक्साइडचा थर चढवतात आणि तोच विद्युतरोधक होतो. थराची जाडी दर व्होल्टमागे सुमारे दीड नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या दीडपट. शिवाय वर्खावर आम्लाने असंख्य खाचा पाडतात, त्यामुळे त्याचे क्षेत्रफळ कैक पटींनी वाढते. क्षेत्रफळ अफाट आणि अंतर नगण्य. म्हणून बोटाच्या पेराएवढ्या नळकांड्यात शेकडो मायक्रोफॅरड मावतात. दुसऱ्या बाजूचा विद्युतवाहक म्हणजे ओलसर द्रावण. या गुणांची किंमतही आहे. याला धन आणि ऋण टोक ठरलेले असते. उलटे जोडले तर ऑक्साइडचा थर मोडतो, आत वायू तयार होतो आणि नळकांडे फुगून फुटते. त्याच्या माथ्यावर फुलीसारख्या खाचा असतात त्या शोभेसाठी नाहीत. फुटायचेच तर वरच्या बाजूने, हळू फुटावे, यासाठी आहेत. दुसरे म्हणजे, उष्णतेने आतला ओलावा सुकतो. कारखानदारांचा ठोकताळा असा, की तापमान दहा अंश सेल्सिअसने कमी झाले तर आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांना २,००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल. आपल्या घरातले एलईडी दिवे वेळेआधी जातात, तेव्हा पुष्कळदा प्रकाश देणारा भाग शाबूत असतो. बंदिस्त, तापलेल्या झाकणाखाली बिचारे धारित्र सुकून गेलेले असते. टँटलमची धारित्रे याच कुळातली, आकाराने लहान, किमतीने जास्त. आणि अलीकडची महाधारित्रे तर खरोखरच फॅरडमध्ये मोजली जातात. जे ११३ चौरस किलोमीटर आपण मघाशी पाहिले, ते सच्छिद्र कार्बनच्या कणांत मुठीत मावते.

कारखान्यांत यंत्रांचा विद्युतभार सावरण्यासाठी लावलेल्या धारित्रांच्या रांगा इथे बसलेल्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामात असतील. ते माझ्याहून अधिक सांगू शकतील. आपल्या खिशातल्या मोबाइलचा पडदाही असाच चालतो: बोट टेकले की तिथली धारिता बदलते आणि फोनला जागा कळते. लायडनच्या भांड्याप्रमाणे इथेही माणसाचा हात पुन्हा एक पत्रा होतो. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत तर प्रत्येक अक्षरामागची खूण अतिसूक्ष्म धारित्रांत ठेवलेली असते. ती इतकी गळकी असतात की साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी सगळे पुन्हा भरून घ्यावे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणाऱ्यांची स्मृती याहून बरी असते, असे मी मुलांना सांगते.

आता पहिल्या आक्षेपाकडे येते, कारण तो गंभीर आहे आणि तो घेणाऱ्या पालकांविषयी मला आदर आहे. धारित्र बाहेरून मेलेले दिसते आणि आत जिवंत असते. वीज बंद केली, प्लग काढला, तरी ते भरलेले असू शकते. त्यातली ऊर्जा धारितेच्या प्रमाणात आणि व्होल्टतेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पंख्याच्या धारित्रात घरगुती विजेच्या शिखर व्होल्टतेला, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्टला, ०.१३ ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. झटका बसेल, हात दचकून मागे येईल, आणि शिडीवर असाल तर पडाल. कॅमेऱ्याच्या जुन्या फ्लॅशमध्ये १२० मायक्रोफॅरड आणि ३०० व्होल्ट धरले, तर ती ५ ज्यूलच्या वर जाते. थांबू पाहणाऱ्या हृदयाला रुग्णालयात जो झटका देतात तो १२० ते २०० ज्यूलचा, आणि तोही धारित्रातूनच येतो. जे यंत्र नीट वापरले तर प्राण वाचवते, त्याच तत्त्वाचे दुसरे यंत्र अजाणता उघडले तर प्राण घेऊ शकते. मायक्रोवेव्ह भट्टीतले धारित्र हजारो व्होल्टला भरलेले असते. अनुभवी कारागीरही त्यामुळे दगावले आहेत.

म्हणून नियम असे ठरवले आहेत. पंखा परवानाधारक वायरमनच उतरवील. मुले शिडीवर चढणार नाहीत. काम होईल ते टेबलावर, आणि मुख्य वीजपुरवठ्याशी जोडलेल्या कोणत्याही वस्तूला हात लागणार नाही. चालू पंखा बंद केल्यावर त्याचे धारित्र बहुधा वेष्टनांतून आपोआप रिकामे होते. पण आतली एखादी तार तुटली असेल तर होत नाही, आणि नेमका नादुरुस्त पंखाच आपल्याकडे येतो. तेव्हा ‘बहुधा’ या शब्दावर विसंबायचे नाही. प्रत्येक धारित्र आधी रोधकातून रिकामे करायचे. दहा हजार ओहमचा रोधक लावला तर २.५ मायक्रोफॅरडचे धारित्र सेकंदाच्या आठव्या भागात रिकामे होते. पापणी लवते न लवते तोच. स्क्रू-ड्रायव्हरने दोन टोके चटकन जोडण्याची जी पद्धत आपण दुकानांत पाहतो, ती वर्गात निषिद्ध. ठिणगी उडते, टोक वितळते, डोळ्याला इजा होऊ शकते. रिकामे केल्यावर मापकाने शून्य पाहायचे, आणि ते एकाने वाचून दुसऱ्याने पुन्हा तपासायचे. मायक्रोवेव्ह, जुना पडद्याचा दूरदर्शन संच, इन्व्हर्टर आणि वातानुकूलन यंत्र यांचे झाकण आमच्या वर्गात कधीही उघडले जाणार नाही. ती का उघडायची नाहीत, हे मात्र पूर्णपणे शिकवले जाईल. हात लावू नको एवढेच ऐकलेला मुलगा एक दिवस, कोणी नसताना, हात लावतो. का लावायचा नाही हे समजलेला मुलगा धाकट्या भावालाही थांबवतो.

दुसऱ्या आक्षेपाविषयी मी थोडेच बोलेन. मिस्त्री हा शब्द ज्या सुरात त्या पत्रांत आला आहे, तो सूर मला खटकला. शाळेच्या साठ वर्षांत आपले छप्पर, नळ, पंखे आणि घंटा ज्यांनी चालू ठेवल्या, त्यांची मुलेही याच बाकांवर बसली आहेत. काही आज या सभागृहात पालक म्हणून आली आहेत. मुलगा पुढे डॉक्टर होवो, लेखापाल होवो, की खरोखरच मिस्त्री होवो, आपल्या डोक्यावर फिरणारी वस्तू कशी फिरते हे त्याला माहीत असावे, यात कमीपणा कुठे येतो मला कळत नाही. आणि मुलींविषयी एका पत्रात निराळा प्रश्न होता, म्हणून स्पष्ट सांगते: हा वर्ग मुलींसाठीही आहे, आणि त्यांना निरीक्षक म्हणून कडेला उभे केले जाणार नाही.

या भाषणानंतर टेबलावरची सर्व धारित्रे आपणांस पाहता येतील. ती रिकामी केलेली आहेत आणि दोघांनी तपासली आहेत. नववीच्या मुली तिथे उभ्या आहेत, त्यांना हवे ते प्रश्न विचारा. नव्याने छापलेली संमतिपत्रे दाराशी आहेत. त्यांच्या मागच्या पानावर सर्व सुरक्षा-नियम दिले असून, त्यांत भर घालायची असल्यास जागा मोकळी सोडली आहे. विद्युत क्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ती जागा आवर्जून भरावी. पत्रे या महिन्याच्या अखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत. जे पालक संमती देणार नाहीत त्यांच्या पाल्यांसाठी त्या तासाला ग्रंथालय उघडे राहील.